एकच ब्रँड, प्रत्येकाच्या मनात वेगळा: पिढ्या आणि गटांमधला फरक कसा तपासायचा

नोकिया हे नाव तीन जणांसमोर घ्या. १९९७-९८च्या सुमारास ज्यांच्या हातात पहिला मोबाइल आला, त्यांना स्क्रीनवर वळवळणारा साप आठवतो, हातातून पडूनही न फुटणारा फोन आठवतो. आज विशीत असलेल्यांना तो कपाटात पडून राहिलेला आईवडिलांचा जुना फोन वाटतो. दूरसंचार कंपनीत नेटवर्क उभारणाऱ्या अभियंत्याला तर फोन आठवतच नाही. त्याच्या लेखी नोकिया म्हणजे टॉवरवर बसणारी यंत्रसामग्री. तिघांपैकी चूक कुणीच नाही. कंपनीनं फोनचा धंदा २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टला विकला. २०१६च्या करारानंतर नोकियाच्या नावाचे फोन एचएमडी ग्लोबल ही दुसरीच कंपनी परवान्यावर काढू लागली. २०२३मध्ये मूळ कंपनीनं लोगो बदलला, तोसुद्धा ‘लोक आम्हाला अजून फोनवालेच समजतात’ ही अडचण सोडवायला.

तरीही कंपन्यांच्या अहवालात ‘आपल्या ब्रँडची प्रतिमा’ असा एकवचनी शब्द सर्रास सापडतो. समजा, निम्मे लोक ब्रँडला आधुनिकपणासाठी दहापैकी ९ गुण देतात आणि निम्मे ३. अहवालात सरासरी ६ येते, ‘बऱ्यापैकी आधुनिक’ असा शेरा पडतो आणि पुढचं वर्षभर सगळे त्या शेऱ्यावर काम करतात. प्रत्यक्षात ‘बऱ्यापैकी आधुनिक’ असं वाटणारा एकही माणूस त्या सर्वेक्षणात नव्हता.

ब्रँडचं नाव ऐकल्यावर मनात जे उमटतं, म्हणजे चित्रं, शब्द, माणसं, प्रसंग, भावना, त्यांना मार्केटिंगवाले ब्रँड असोसिएशन म्हणतात. मी इथे ‘जोडण्या’ म्हणेन. या जोडण्या गटागटांत कुठे आणि कशा बदलतात हे तपासायची पद्धत पुढे दिली आहे. मोठी संशोधन संस्था हाताशी नसली तरी दोन-तीन माणसांना हे काम जमतं. सगळ्या पायऱ्यांमागे एकच विचार आहे: वय कारण सांगत नाही. ते फक्त इतकं सांगतं की माणसाची आणि ब्रँडची गाठ साधारण केव्हा पडली असेल. अर्थ ठरतो तो त्या पहिल्या भेटीत, म्हणजे ब्रँड कुठे दिसला, कुणाच्या हातात दिसला आणि काय म्हणून दिसला यावर.

पायरी १: कोणता निर्णय घ्यायचाय ते लिहून काढा

‘तरुणांना आपल्याबद्दल काय वाटतं ते बघू या’ हा निर्णय नाही, कुतूहल आहे. निर्णय असा दिसतो: वेष्टन बदलायचं की ठेवायचं, नवी वस्तू याच नावानं काढायची की वेगळ्या, जाहिरातीतून एक जुनी ओळख काढून टाकायची का. कागदाच्या माथ्यावर असं एक वाक्य हवं आणि त्याखाली ‘अमुक उत्तर आलं तर आपण तमुक करू’ अशा दोन ओळी. कुठल्याही उत्तरानं काहीच बदलणार नसेल तर तपासणीवर वेळ घालवू नका. हे मीटिंगमध्ये म्हटलं की काही चेहरे पडतात, पण पुढचे दोन महिने वाचतात.

निर्णय आणि प्रश्न यांचा मेळ बसला नाही की काय होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोका-कोलाचं. १९८५मध्ये कंपनीनं पेयाची चव बदलली. त्याआधी सुमारे २ लाख लोकांकडून चव तपासून घेतली होती आणि कौल नव्या चवीच्या बाजूनं होता. २३ एप्रिलला नवी चव जाहीर झाली आणि ७९ दिवसांनी, ११ जुलैला, जुनी परत आणत असल्याचं कंपनीला सांगावं लागलं. चाचणीनं चवीबद्दल खरं तेच सांगितलं होतं. निर्णय मात्र चवीपुरता नव्हता, लोकांच्या ओळखीची एक वस्तू काढून घेण्याचा होता, आणि तो प्रश्न त्या चाचणीत नव्हता.

पायरी २: गट पाडताना पिढ्यांच्या लेबलांवर विसंबू नका

‘मिलेनियल’, ‘जेन झी’ ही नावं सोयीची आहेत. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या पाहणीसंस्थेनं १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेल्यांना मिलेनियल आणि १९९७पासून पुढच्यांना जेन झी मानलं, आणि जगभरच्या सादरीकरणांत ह्याच सीमा फिरत राहिल्या. त्याच प्यूनं २०२३मध्ये जाहीर केलं की ही लेबलं यापुढे आपण फार जपून वापरू. कारण उघड आहे. १९८१मध्ये जन्मलेला माणूस इंटरनेटशिवाय शाळा शिकला असू शकतो. १९९६मधल्याला तसं बालपण ठाऊकच नसेल. दोघांना एका पोत्यात घालून काढलेली टक्केवारी कुणाबद्दल असते, हे सांगणं कठीण.

लेबलांऐवजी चार गोष्टींवर गट पाडा. ब्रँडशी पहिली गाठ साधारण कोणत्या वर्षी पडली. माणसाची भूमिका काय आहे: विकत घेणारा, वापरणारा, भेट देणारा, विकणारा की नुसता पाहणारा. जवळीक किती आहे: रोजचा वापर, कधीमधी, सोडून दिलेला, कधीच न घेतलेला. आणि त्यानं हा ब्रँड कुणाकुणाकडे पाहिलाय. यातल्या दोन किंवा तीन गोष्टी निवडा. चारही घेतल्या तर गट इतके होतील की प्रत्येकात चार माणसं उरतील.

भूमिकेचा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो, म्हणून ओल्ड स्पाइसची गोष्ट सांगतो. १९३०च्या दशकातला हा ब्रँड प्रॉक्टर अँड गँबलनं १९९०मध्ये घेतला, तेव्हा त्याला आजोबांच्या आफ्टरशेव्हचा वास होता. २०१०च्या गाजलेल्या जाहिरातीत अभिनेता आयझाया मुस्तफा पुरुषांशी बोलतच नाही, पहिल्याच शब्दापासून तो बायकांना उद्देशून बोलतो. पुरुषांचा बॉडी वॉश घरात बऱ्याचदा बायकाच विकत आणतात, हे जाहिरात करणाऱ्यांनी हेरलं होतं. ‘तरुण पुरुष’ एवढाच गट तपासला असता तर विकत घेणाऱ्या व्यक्तीच्या मनातलं चित्र कागदावर आलंच नसतं.

माणसं किती हवीत? सविस्तर मुलाखती असतील तर प्रत्येक गटात १२ ते १५ धरून चाला, आणि नवं काही कानावर येईनासं झालं की थांबा. आकड्यांत तुलना करायची असेल तर प्रत्येक गटात किमान १०० हवेत. यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या १०० जणांत टक्केवारीची चूक दोन्ही बाजूंना सुमारे १० टक्क्यांपर्यंत असू शकते, ४०० जणांत सुमारे ५. आणि १००-१०० जणांच्या दोन गटांत फरक जवळपास १४ टक्क्यांच्या आत असेल तर तो फरक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ओळखीपाळखीतून माणसं गोळा केली असतील तर हे गणितही लागू पडत नाही. मग टक्के लिहूच नका, ‘बऱ्याच जणांनी’, ‘दोघातिघांनी’ असं सरळ लिहा.

पायरी ३: विचारायचं कसं

सगळं काम इथे बनतं किंवा बिघडतं.

१९७५मध्ये मानसशास्त्रज्ञ अॅलन कॉलिन्स आणि एलिझाबेथ लॉफ्टस यांनी स्मृतीचं एक प्रारूप मांडलं. मनातल्या कल्पना एकमेकींशी जोडलेल्या असतात, एक जागी झाली की शेजारच्याही जाग्या होतात, आणि जोडणी जितकी पक्की तितकी जाग लवकर येते. यातून आपल्या कामाचे दोन नियम निघतात. पहिलं उत्तर आणि पाचवं उत्तर यांचं वजन सारखं नसतं, त्यामुळे क्रम नोंदवायलाच हवा. आणि तुम्ही आधी जे दाखवाल किंवा बोलाल ते पुढच्या उत्तरांत मिसळतं, त्यामुळे खुला प्रश्न सगळ्यांत आधी. लोगो, जाहिरात, वस्तूचा फोटो, प्रतिस्पर्ध्याचं नाव, ‘आम्ही शंभर वर्षं जुनी कंपनी आहोत’ असली प्रस्तावना, काहीही त्याआधी येऊ देऊ नका. सर्वेक्षणाच्या आमंत्रणात ब्रँडचा लोगो झळकत असतो आणि आत पहिला प्रश्न ‘मनात काय येतं?’ असा असतो, हे तर नेहमीचंच.

मी प्रश्नांचा क्रम असा ठेवेन:

१. ‘(ब्रँडचं नाव) म्हटलं की मनात जे येईल ते, येईल त्या क्रमानं सांगा. शब्द, चित्र, माणूस, प्रसंग, काहीही चालेल.’ एक मिनिट द्या. मध्ये काही सुचवू नका.

२. प्रत्येक उत्तराबद्दल: ‘हे तुमच्या दृष्टीनं चांगलं, वाईट की नुसतंच आहे?’

३. ‘हेच तुम्ही दुसऱ्या कुठल्या ब्रँडबद्दल म्हणाल का?’

४. ‘हे कुठून आलं? स्वतः वापरून, घरात पाहून, मित्रांकडून, जाहिरातीतून, बातमीतून, मोबाइलवर काही पाहून?’

५. ‘हा ब्रँड पहिल्यांदा कुठे आणि कुणाकडे पाहिल्याचं आठवतं?’

६. ‘हा ब्रँड वापरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. कसा आहे तो? त्याच्या शेजारी बसायला आवडेल?’

७. वापर सोडलेल्यांना: ‘सोडायच्या आधीचा शेवटचा प्रसंग सांगा.’

पहिले तीन प्रश्न ब्रँडचे अभ्यासक केव्हिन लेन केलर यांच्या १९९३च्या मांडणीशी जुळतात. जोडणी किती पक्की, किती अनुकूल आणि किती वेगळी, या तीन गोष्टी त्यांनी महत्त्वाच्या मानल्या. तिसरा प्रश्न गाळायचा मोह होतो, पण ‘दर्जेदार’ हे उत्तर सगळ्यांनी दिलं आणि तेच त्यांनी आणखी सहा ब्रँडबद्दलही म्हटलं, तर त्या शब्दाचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

पाचवा प्रश्न पाचव्याच जागी हवा. तो आधी आला की लोक बालपणाच्या आठवणीत शिरतात आणि पुढची सगळी उत्तरं हळवी होतात. पन्नाशीतल्या माणसांच्या बाबतीत तर हटकून.

सहावा प्रश्न थोडा खट्याळ आहे, पण शिष्टाचारामागे दडलेलं तो बाहेर काढतो. ‘अमुक लोक वापरायला लागले म्हणून मी सोडलं’ असं तोंडावर कुणी सांगत नाही. जोना बर्जर आणि चिप हीथ या संशोधकांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका विद्यापीठाच्या वसतिगृहात सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या लिव्हस्ट्राँग या कर्करोगविषयक संस्थेचे पिवळे मनगटी पट्टे पोहोचवले. काही दिवसांनी तेच पट्टे शेजारच्या, ‘पुस्तकी किडे’ अशी ख्याती असलेल्या वसतिगृहातही गेले. पहिल्या वसतिगृहातल्या बऱ्याच जणांच्या मनगटावरचे पट्टे त्यानंतर उतरले. पट्टा तोच, रंग तोच, किंमत तीच. बदललं ते फक्त ‘हा कोण घालतो’ याचं उत्तर. आणि हाच ब्रँड आणखी एका कारणानं दुभंगलेला आहे. कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी तो धीर आहे, तर २०१२-१३मध्ये लान्स आर्मस्ट्राँगच्या उत्तेजक प्रकरणाच्या बातम्या वाचतच ज्यांना हे नाव कळलं, त्यांच्यासाठी ती फसवणूक.

मुलाखत घेताना दोन गोष्टी सांभाळा. एक, आईवडील आणि मुलं यांना एकत्र बसवू नका, निदान पहिल्या फेरीत तरी नको. एकजण बोलायला लागला की दुसरा त्याला विरोध करतो किंवा मान डोलावतो, दोन्हींत त्याचं स्वतःचं उत्तर हरवतं. दोन, वयानं मोठी माणसं गोष्ट सांगतात, तरुण अनेकदा एका शब्दात उत्तर देतात किंवा मीम दाखवतात. छोटं उत्तर म्हणजे रिकामं मन, असं समजू नका. चित्र दाखवू द्या, स्क्रीनशॉट पाठवू द्या, आणि ‘हे हसण्यासाठी की खरंच?’ असं शांतपणे विचारा. उपरोध कागदावर कौतुकासारखाच दिसतो.

पायरी ४: उत्तरं लावताना मूळ शब्द हातचा सोडू नका

शेकडो उत्तरं आली की सारख्या अर्थाची एकत्र करावीच लागतात. दोन जणांनी वेगवेगळं बसून वर्गवारी करावी आणि मग ताडून पाहावी. दर पाचांत एकापेक्षा जास्त ठिकाणी मतभेद होत असतील तर वर्गांच्या व्याख्या सैल आहेत. त्या घट्ट करा आणि पुन्हा बसा. मूळ उत्तर मात्र शेजारच्या रकान्यात जसंच्या तसं राहू द्या.

कारण एकच शब्द दोन गटांत उलट दिशांना जातो. ‘जुना’ हे उत्तर एकाच्या तोंडी जुनाट असतं, दुसऱ्याच्या तोंडी जुनाजाणता. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे १९८९मधलं साधं डिजिटल घड्याळ घ्या. कुणाला ते विद्यार्थिदशेतलं स्वस्त घड्याळ म्हणून आठवतं. कुणी ते आज मुद्दाम, जुन्या ढंगाची फॅशन म्हणून घालतो. आणि ग्वांतानामोच्या तुरुंगाशी संबंधित अमेरिकी लष्करी कागदपत्रांत हेच मॉडेल दहशतवादाच्या संशयाची खूण म्हणून नोंदलं गेलं होतं, कारण स्फोटकांच्या टायमरसाठी ते वापरलं जात असल्याचं म्हटलं जाई. स्वस्त, सगळीकडे मिळणारं, वेळेला पक्कं: तिघांना दिसलेला गुण एकच आहे. ‘विश्वासार्ह’ असा एक वर्ग करून तिन्ही त्यात कोंबले असते तर सगळी गंमतच संपली असती.

पायरी ५: तुलना

एका तक्त्यात डावीकडे जोडण्या, वर गट. प्रत्येक चौकटीत तीन आकडे: किती जणांनी सांगितली, सरासरी कितव्या क्रमांकावर सांगितली, आणि सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी ती चांगली म्हटली. मग तीन ढीग पाडा: सगळ्या गटांत असलेल्या आणि सगळ्यांना आवडणाऱ्या; सगळीकडे असलेल्या पण एका गटाला आवडणाऱ्या, दुसऱ्याला खुपणाऱ्या; आणि एकाच गटात सापडणाऱ्या. दुसरा ढीग सर्वांत मोलाचा, आणि सरासरीत नेमका तोच बुजतो. जे आलंच नाही तेही लिहा. कंपनीला ज्याचा अभिमान आहे ती गोष्ट एखाद्या गटात कुणीच उच्चारली नसेल, तर ती बातमी आहे.

चित्ररूपात हवं असेल तर २००६मध्ये डेबोरा रॉडर जॉन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ब्रँड कन्सेप्ट मॅप ही पद्धत सोपी आहे. जोडण्यांची कार्डं देऊन माणसाला ती ब्रँडच्या नावाभोवती मांडायला सांगतात, आणि नातं जितकं घट्ट तितक्या रेषा, एक ते तीन, ओढायला सांगतात. दोन गटांचे नकाशे शेजारी ठेवले की वरिष्ठांना वेगळं समजवावं लागत नाही.

पायरी ६: हा फरक वयाचा, काळाचा की पिढीचा?

तक्ता तयार झाला की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘तरुणांना आपण आवडत नाही.’ इथे थांबायला हवं, कारण त्या एका वाक्यात तीन वेगळ्या शक्यता लपलेल्या असतात.

वयाचा परिणाम म्हणजे माणूस आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे याचा परिणाम. विमा कंपनी विशीत कंटाळवाणी वाटते आणि मूल झालं की आधार वाटते. आजचे विशीतले उद्या चाळिशीत गेले की बरेचसे तसंच म्हणतील. काळाचा परिणाम सगळ्यांवर एकदमच होतो. सप्टेंबर २०१५मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं प्रदूषण-चाचणी चकवणारं सॉफ्टवेअर उघड झालं, जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा त्याच्याशी संबंध निघाला आणि सर्व वयांच्या लोकांच्या मनात एक नवी जोडणी तयार झाली. पिढीचा परिणाम म्हणजे घडणीच्या वयात जे पाहिलं ते सोबत राहणं. फोक्सवॅगनच्या बाबतीत ज्यांनी तरुणपणी त्यांच्या बीटल या छोट्या गाडीवर प्रेम केलं त्यांच्याकडे त्या बातमीशेजारी ठेवायला दुसरं काहीतरी होतं. ज्यांना हे नाव त्या बातमीतूनच नीट कळलं, त्यांच्याकडे नव्हतं.

अडचण अशी की एकाच वेळी केलेल्या सर्वेक्षणात वय आणि जन्मवर्ष एकमेकांना चिकटलेलेच असतात. एक कळलं की दुसरं कळतंच. त्यामुळे एका सर्वेक्षणातून हे तिन्ही सुटे करता येत नाहीत, आकडेमोड कितीही भारी असली तरी.

फेसबुकचं पाहा. २००४मध्ये ते महाविद्यालयीन मुलांसाठी सुरू झालं. प्यूच्या पाहणीत १३ ते १७ वयाची ७१ टक्के अमेरिकी मुलं २०१४-१५मध्ये फेसबुक वापरत होती; २०२२मध्ये ३२ टक्के. यावरून ‘तरुणांनी फेसबुक सोडलं’ असा मथळा होतो. पण २०१४मध्ये १५ वर्षांचा असलेला मुलगा २०२२मध्ये २३ वर्षांचा होता. तो या दुसऱ्या आकड्यात नाहीच. दुसऱ्या आकड्यातल्या मुलांनी फेसबुक सोडलं असं नाही, त्यातली बरीच तिथे गेलीच नव्हती. त्यांना ते पहिल्यांदा दिसलं असेल ते आईबाबांच्या मोबाइलवर. सोडून गेलेल्या ग्राहकाला परत आणणं आणि कधीच न आलेल्याला बोलावणं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींना लागणारी जाहिरातही वेगळी.

घडणीचं वय म्हणजे नेमकं कोणतं? मॉरिस होल्ब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९मध्ये गाण्यांच्या आवडीवर अभ्यास केला, तेव्हा माणूस साधारण २३-२४ वर्षांचा असताना गाजलेली गाणी त्याला सर्वाधिक आवडतात असं दिसलं. हे उगाच साबणाला किंवा बँकेला लावू नका. घरात रोज दिसणाऱ्या वस्तूंशी गाठ लहानपणीच पडते, बँकेशी पहिल्या पगाराच्या वेळी. म्हणूनच पाचवा प्रश्न लागतो.

मग करायचं काय? जुनी सर्वेक्षणं कपाटात असतील तर तोच प्रश्न, तेच शब्द वापरून पुन्हा विचारा आणि त्याच जन्मवर्षांच्या लोकांची तेव्हाची आणि आताची उत्तरं शेजारी ठेवा. जुनं काही नसेल तर एक स्वस्त कसोटी आहे, आणि मला तीच सर्वांत उपयोगी वाटते: वय सारखं ठेवा आणि पहिली भेट बदला. स्टॅनली या स्टीलच्या बाटल्यांच्या ब्रँडचं मूळ १९१३मधलं. अनेक दशकं त्याची ओळख होती ती कामगार आणि रानावनात तंबू ठोकणारे यांची हिरवी थर्मास बाटली अशी. २०१६मध्ये क्वेंचर हा हँडलचा मोठा पेला आला, सुरुवातीला फारसा चालला नाही, मग बायकांनी चालवलेल्या एका खरेदीविषयक संकेतस्थळानं तो उचलून धरला. पुढे नव्या रंगांत तो टिकटॉकवर गाजला. आता तिशीतली दोन माणसं घ्या. एकानं स्टॅनली वडिलांच्या हत्यारांच्या पेटीशेजारी पाहिली, दुसरीनं मोबाइलवर फिकट गुलाबी रंगात. दोघांचं वय एकच असूनही त्यांच्या उत्तरांत जर तिशी आणि साठीतल्या लोकांमध्ये दिसतो त्याहून मोठा फरक पडला, तर तुमच्या ब्रँडचा प्रश्न वयाचा नाही, हे निश्चित धरा. मग ‘तरुणांसाठी मोहीम’ आखण्याऐवजी ब्रँड कुठे भेटतो ते बदलायला हवं.

पायरी ७: निर्णय

सगळ्यांना आवडणाऱ्या सामाईक जोडण्यांना हात लावू नका. वाचायला हे सोपं वाटतं. नव्या डिझाइनरला आणि नव्या मार्केटिंग प्रमुखाला मात्र पहिला हात तिथेच लावावासा वाटतो. गॅप या कपड्यांच्या ब्रँडनं २०१०मध्ये ओळखीचा लोगो बदलला आणि आठवड्याभरात जुना परत आणला.

एका गटापुरत्या चांगल्या जोडण्या त्या गटाशी बोलताना वापरा, बाकीच्यांपुढे त्यांचा गाजावाजा नको. शक्य असेल तर वेगळी फांदीच काढा. लेगोनं २०२०पासून प्रौढांसाठीच्या संचांवर ‘१८+’ असं ठळक छापून त्यांना काळी खोकी दिली. मुलांच्या खोक्यांना धक्का लागला नाही आणि मोठ्यांना खेळण्यांच्या दुकानात संकोच वाटेनासा झाला.

गटच आपापसांत भिडत असतील तर मात्र निवड करावी लागते. बर्बरी या ब्रिटिश कपड्यांच्या ब्रँडचा चौकड्यांचा नमुना १९२०च्या दशकापासून कोटांच्या अस्तरात असायचा. २०००च्या सुमारास ब्रिटनमध्ये तो सरसकट सगळीकडे दिसू लागला, फुटबॉलच्या हुल्लडबाजांशी जोडला गेला आणि महागडे कोट घेणारे बिचकले. कंपनीनं चौकड्या वस्तूंवरून बऱ्याच कमी केल्या, त्या नमुन्याची टोपी तर २००४मध्ये विकायचीच थांबवली. त्याच वेळी इतर अनेक देशांत तो नमुना नुसत्या श्रीमंतीचीच खूण होता. कुठल्या गटाचं ऐकायचं हे तक्ता ठरवत नाही. कंपनी पुढची दहा वर्षं कुणाच्या जोरावर चालणार, यावर ते ठरतं.

जुन्या गटाला दुखावून नव्याला बोलावू नका. ‘ही तुमच्या वडिलांची ओल्ड्समोबील नव्हे’ अशी मोहीम जनरल मोटर्सनं १९८८मध्ये चालवली. ज्यांनी ती गाडी इमानानं घेतली होती त्यांना वाटलं आपली टिंगल चाललीय, आणि ज्यांच्या मनात वडिलांचा संबंध आला नव्हता त्यांच्याही मनात तो पेरला गेला. ब्रँड २००४मध्ये बंद झाला. दोष एकट्या जाहिरातीचा खचितच नव्हता, गाड्याही मागे पडल्या होत्या; पण नकोशी जोडणी जाहिरातीत स्वतःच मोठ्यानं उच्चारू नये, एवढं त्यातून घ्यावं.

संपूर्ण पालट शक्य असतो का? मार्लबोरो १९२४मध्ये बायकांची सौम्य सिगारेट म्हणून आली आणि १९५०च्या दशकाच्या मध्यापासून काउबॉयची झाली. जुनी जोडणी मुळात क्षीण असली की असा पालट जमतो. तुमच्या तक्त्यात जुनी जोडणी बहुसंख्यांच्या पहिल्या दोन उत्तरांत असेल तर तो विचार सोडा.

आणि काही अर्थ लोकांनी स्वतः बनवलेले असतात. डॉक मार्टेन्सचे बूट १ एप्रिल १९६० रोजी आले ते कष्टकऱ्यांसाठी. पंक संगीताच्या बंडखोर चाहत्यांनी ते आपणहून उचलले. असा अर्थ सापडला तर तो मिळेल तिथे उपलब्ध ठेवा, पण लगेच त्यावर घोषवाक्य छापू नका. कंपनीनं हात घातला की त्यातली मजा जाते, हे त्या गटाला तुमच्या आधी कळतं.

पायरी ८: पुन्हा विचारायची सोय आत्ताच करून ठेवा

वर्षा-दोन वर्षांनी हाच प्रश्न, हेच शब्द. प्रश्न सुधारायचाच असेल तर एका फेरीत जुना आणि नवा दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लोकांना विचारा, म्हणजे फरक प्रश्नामुळे पडला की लोकांमुळे हे कळेल. मोठी बातमी, मालकीबदल किंवा अचानक आलेली प्रसिद्धी यांनंतर पहिल्या दोन प्रश्नांची छोटी फेरी पुरते.

मूळ उत्तरं, पहिल्या भेटीचं ठिकाण आणि तारीख एकाच फाइलीत ठेवा. आणि फॉर्ममध्ये ‘१८-२४’, ‘२५-३४’ असे वयाचे रकाने देऊ नका. थेट जन्मवर्ष विचारा. रकाने दहा वर्षांनी निरुपयोगी ठरतात, कारण तेव्हा कोण कुठल्या रकान्यातून कुठे सरकलं ते शोधता येत नाही. जन्मवर्ष असेल तर तुमच्यानंतर त्या खुर्चीत बसणारा माणूस १९९९मध्ये जन्मलेल्यांची आजची आणि तेव्हाची उत्तरं शेजारी ठेवू शकेल.